चालतं आणि आवडतं

"मावशी, तुम्हाला खायला काय आवडतं?" असं त्या मुलीनं विचारलं, आणि मी तिला माझ्या नवऱ्याला काय आवडायचं ते सांगू लागले.

त्यात काही चुकतंय असं मला वाटलंसुद्धा नाही. यांना वरण-बट्टी लागायची, आणि बट्टी तुपात निथळत असली पाहिजे. मुलगा हर्षल लहानपणापासून बटाट्याशिवाय जेवला नाही. जागृतीला पोळी कागदासारखी पातळ हवी. सासूबाईंना शेवटी दात नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी मुगाची खिचडी, तीही पळीनं घोटून. मी सांगत होते आणि रेहाना तडवी हनुवटीखाली हात ठेवून ऐकत होती. ट्रस्टच्या दवाखान्यात आहाराचा सल्ला देणारी ही मुलगी, माझ्या जागृतीपेक्षाही लहान. खोली अरुंद होती. भिंतीवर फळांचं मोठं चित्र होतं आणि खिडकीबाहेर रिक्षावाले एकमेकांशी बोलत होते.

"हे झालं घरच्यांचं," ती म्हणाली. "आणि तुम्हाला?"

"मला सगळंच चालतं."

"चालतं ते नाही विचारलं मी. आवडतं काय?"

मी तोंड उघडलं. स्वतःचं नाव सांगताना कुणी विचार करतं का, तसं उत्तर आपोआप बाहेर पडेल असं मला वाटलं होतं. पण जिभेवर काहीच नव्हतं. मी पदर नीट केला, पर्सचा बंद नीट केला आणि शेवटी म्हणाले, "आठवून सांगते."

मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायचे. माझ्या हाताखालून निम्मं जळगाव शिकून गेलं असेल. निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी हे गेले. हर्षल पुण्याला, जागृती सुरतेला. घर मोठं नव्हतं, पण रिकामं झाल्यावर मोठं वाटू लागलं. त्याच सुमारास माझ्या रक्तातली साखर वाढल्याचं कळलं, आणि मग जो तो मला काय खायचं ते सांगायला लागला. शेजारच्या अलकाबाईंनी मेथीचं पाणी आणि कारल्याचा रस सुरू करून दिला. हर्षलनं फोनवर कसलीशी योजना आखून दिली. त्यात धान्य पूर्ण बंद होतं. पुण्याहून डबे यायचे, डब्यांत पावडरी. मला शिस्तीचं वावडं कधीच नव्हतं. जन्मभर सरळ टीप मारायला शिकवत आलेली बाई मी. सांगितलं तसं सकाळभर, दुपारभर पाळायची.

पण दिवेलागण झाली की माझं मला कळेनासं व्हायचं. देवाजवळ दिवा लावायचा, टीव्ही लावायचा, तो बंद करायचा. मग पाय स्वयंपाकघराकडे वळायचे. ओट्याशी उभ्यानं मी खारी चहात बुडवून खायची, मग मूठभर शेव, मग डब्याच्या तळाशी राहिलेली कालची पोळी. पाकीट संपलं की हाताला कळायचं. बसून खाल्लं असतं तर ते जेवण झालं असतं. उभ्यानं खाल्लेलं मी जमेलाच धरत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई म्हणून आणखी कडक उपास. असं करत करत एका सकाळी मी भाजीबाजारात चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आले तेव्हा डोकं कोथिंबिरीच्या पोत्यावर होतं आणि एक भाजीवाली माझ्या तोंडावर पाणी शिंपडत मला विचारत होती, "घरी कोण आहे? कोणाला बोलवू?"

मी पर्समधलं दवाखान्याचं कार्ड तिच्या हातात दिलं.

डॉक्टर रागावले. एकतर उपाशी राहता, नाहीतर भरमसाट खाता, म्हणाले, आणि रेहानाकडे पाठवलं.

रेहानानं त्या दिवशी मला काहीच लिहून दिलं नाही. तिच्या टेबलावर छापील कागदांची चळत होती. त्यातला एक दे म्हटलं, तर ती हसली. म्हणाली, तो कागद घेऊन सगळे जातात, फ्रिजवर चिकटवतात, आणि दोन महिन्यांत कागद तिथंच राहतो आणि माणूस परत इथं येतो. तोवर गोळी वेळेवर घ्यायची, एकही जेवण चुकवायचं नाही आणि काहीही खाल्लं तरी बसून खायचं, एवढंच तिनं सांगितलं.

"तुम्ही सत्तरीतही आनंदानं खाल अशा गोष्टींवर मला तुमचं जेवण बांधायचंय," ती म्हणाली. "त्या कोणत्या, ते तुमच्याशिवाय कोण सांगणार? पुढच्या आठवड्यात या. आठवून या."

घरी येऊन मी आठवायला बसले. खरोखरच बसले, शाळेत नवा नमुना कापायच्या आधी बसायची तशी. एकेक पदार्थ डोळ्यांपुढे आणायचा आणि स्वतःला विचारायचं. शेवभाजी? ती यांच्या मित्रांची आवड. पुरणपोळी? ती जागृतीची. आमरस? आमरस कुणाला आवडत नाही, पण मला आठवत होता तो रस काढून लडबडलेला हात, आणि वाट्या भरताना शेवटच्या वाटीला कमी पडू नये म्हणून चाललेली ओढाताण. प्रत्येक पदार्थ कसा करायचा ते हाताला पाठ होतं. त्याची चव मात्र कुणा दुसऱ्याच्या तोंडावर दिसायची.

संध्याकाळी जागृतीला फोन केला. आधी जावयांचं विचारलं, नातवाचा खोकला विचारला आणि मग सहज विचारल्यासारखं केलं, की काय गं, मला खायला काय आवडतं?

तिला वाटलं मी गंमत करतेय. मग क्षणभर थांबून ती मायेनं म्हणाली, "आई, तुला शिळी पोळी आवडते ना. फोडणी घालून. आम्ही ताजी खायचो आणि तू रोज तीच घ्यायचीस."

मी म्हटलं, हो गं. लक्षातच आलं नाही बघ.

फोन ठेवला. तिचा काय दोष? तिनं जे पाहिलं ते सांगितलं. वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मी नाही म्हणू शकले नाही, कारण नाही म्हटलं तर पुढे काय सांगायचं ते माझ्याजवळ नव्हतं.

मग मला नाना आठवला. माझा थोरला भाऊ मुरलीधर. माहेरचा म्हणून उरलेला एकटाच. आई-बापू जाऊन जमाना झाला, धाकटी कमल ऐन तिशीत गेली. लग्नाच्या आधीची मी, कुणाची बायको नव्हते, कुणाची आई नव्हते, ती मी पाहिलेला माणूस आता एवढाच. त्याला माहीत असणार. सकाळी पिशवीत एक लुगडं टाकलं आणि यावलच्या एस.टी.त बसले.

मला अचानक दारात बघून नाना घाबरलाच. हर्षलशी काही झालं का, तब्येत बरी ना, असं त्यानं उंबऱ्यातच विचारून घेतलं. मी म्हटलं, काही नाही, तुझी आठवण आली. वहिनी गेल्यापासून तोही वाळला होता. मुलगा आणि सून त्याचं सगळं नीट करत होते, पण दोघं केळीच्या कामात बुडालेली. नाना ओसरीवर बसून असायचा. मला बघून त्याला हुरूप आला. सुनेला हाक मारून म्हणाला, कळण्याच्या भाकरी करून दे, आम्ही मळ्यात जातो. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भरीत करू आज. तुझ्या आवडीचं."

काय सांगू मला काय वाटलं ते. मी अजून विचारलंही नव्हतं. विचारायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं होतं. कुणाला तरी माहीत होतं. मळ्याच्या वाटेनं मी त्याच्या मागून चालत होते, उजवीकडे सातपुडा निळा दिसत होता, थंडीचे दिवस होते, आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, भरीत, अगं भरीत, कसं आठवलं नाही आपल्याला? रेहानाला काय सांगायचं तेसुद्धा मी जुळवून ठेवलं.

आमच्याकडे मळ्यातलं भरीत पुरुष करतात. नानानं कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवल्या, हिरवी-पांढरी लांबोडकी वांगी त्यात टाकली आणि काठीनं उलटीपालटी करत राहिला. मी लसूण सोलला, मिरच्या निवडल्या. साली काढून, मिरची-लसणाबरोबर ठेचून, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून त्यानं भरीत फोडणीला टाकलं. सबंध केळीत वास भरला. त्या वासानं तो बोलता झाला. जुनं घर, बापूंचा आवाज, दिवाळीनंतरची पंगत. बोलता बोलता म्हणाला, "तू तर भाकरी बाजूला ठेवून नुसतं भरीत खायची. तिखटानं ओठ लाल व्हायचे, नाकाडोळ्यांतून पाणी यायचं, तरी सोडायची नाही. बापू हसून हसून बेजार व्हायचे. आठवतं?"

मला आठवलं. लख्ख आठवलं. पितळी ताटासमोर मांडी घालून बसलेली परकरातली पोर, नाकातली चमकी, लाल ओठ, आणि बापूंचं हसणं.

"ती कमल होती, नाना," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला, मग माझ्या पलीकडे कुठंतरी बघू लागला. हरवलेलं जनावर शोधताना माणूस लांबवर बघतो तसा. त्या जुन्या अंगणात तो मला शोधत होता. मी केळीची पानं हातात घेऊन उभी होते. भरीत झालं तसं माझ्या नकळत मी उठले होते, पानं पुसली होती आणि त्याला वाढायला निघाले होते.

"हो गं," तो हळूच म्हणाला. "कमलच ती." आणि मग, "तू तर वाढायची, प्रभा."

त्यात टोमणा नव्हता की दुःख नव्हतं. त्याला दिसलं ते त्यानं सांगितलं. मलाही मग ते अंगण सगळंच्या सगळं दिसलं. बापू पाटावर, शेजारी काका, मग नाना, मग कमल. आई चुलीपाशी. आणि भाकऱ्यांची टोपली कमरेवर घेऊन त्यांच्यामधून फिरणारी मी. सगळ्यांची जेवणं झाल्यावर आई आणि मी आत विझत आलेल्या चुलीपाशी बसायचो, हेही आठवलं. पण माझ्या ताटात काय असायचं, ते काही केल्या दिसेना. मी डोळे मिटूनही पाहिलं. आईचा चेहरा दिसला, चुलीतली राख दिसली. ताट दिसलं नाही.

आता विचारायला कुणी उरलं नव्हतं. साठी ओलांडल्यावर त्या मळ्यात मला पहिल्यांदा इतकं एकटं वाटलं. हे गेले तेव्हाही असं वाटलं नव्हतं.

नाना उठला. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत उठला आणि माझ्या हातातलं पान काढून घेतलं. "बैस," एवढंच म्हणाला. त्यानं जन्मात कुणा बाईला वाढलं नसेल. भरीत घेतलं ते इतकं, की पानाबाहेर तेल ओघळलं. भाकरी वर ठेवली, मुळ्याची फोड ठेवायची विसरला, परत जाऊन ती आणली. मग समोर उभा राहिला, मी खाते की नाही ते बघत.

मी पहिला घास घेतला. सावकाश खाल्ला. रेहानानं विचारलं तेव्हा जसा विचार करायला हवा होता तसा, जिभेवर ठेवून. ते मऊ, बुळबुळीत, धुराच्या वासाचं. दुसरा घास घेऊन खात्री केली.

"नाना," मी म्हणाले, "मला भरीत आवडत नाही."

खानदेशातल्या बाईनं असं म्हणणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. नानाला हसू फुटलं. इतका हसला की खोकला लागला, खाली बसला, डोळे पुसले. म्हणाला, जळगावात हे कुणाला सांगू नको, गावात राहू देणार नाहीत. मीही हसले. हसता हसता माझेही डोळे भरून आले, ते मी धुरावर ढकललं.

पण भाकरी मी सोडली नव्हती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची ती काळपट, खरपूस भाकरी. तिच्यावर शेंगदाण्याचं कच्चं तेल, चिमूटभर मीठ, हिरवा ठेचा आणि बरोबर मुळा. एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि मग लक्षात आलं की मी बोलायची थांबलेय. नाना बघत होता. त्यानं विचारलं, "अर्धी अजून?"

आयुष्यभर या प्रश्नाला मी "नको, पुरे" असंच म्हणत आले होते. त्या दिवशी म्हटलं, "दे."

परत निघाले तेव्हा सुनेनं कळण्याचं पीठ बांधून दिलं. नाना स्टँडपर्यंत आला आणि बस हलेपर्यंत खिडकीशी उभा राहिला. बस सुटताना त्यानं खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला, मी लहान असल्यासारखा.

ठरलेल्या दिवशी मी रेहानाकडे गेले. तिनं विचारायच्या आधीच म्हटलं, मला भरीत आवडत नाही. ती तडवी मुलगी, आमच्या त्याच सातपुड्याच्या पायथ्याची. तिनं आधी दार बंद असल्याची खात्री केली आणि मग हसली. मग आम्ही दोघींनी जेवण बांधायला घेतलं. एका वेळेला भाकरी किती, बरोबर डाळ कोणती, पालेभाजी किती, दही कधी, भात केव्हा आणि केवढा, हे तिनं ठरवलं. कोणती भाजी, हे मी. तिच्याकडे एक वेगळीच रीत होती. दर आठवड्याला एक पदार्थ नीट बसून खाऊन बघायचा आणि तिला येऊन सांगायचं, आवडला की नुसता चालला. अंबाडीची आंबट भाजी मला आवडते, हे असं कळलं. पेरू आवडतो, पण कच्चट. आणि चाळीस वर्षं पोळ्या लाटल्यावर कळलं, की मला पोळीचं तसं काहीच नाही. तिच्यावाचून माझं छान भागतं.

"हे किती दिवस करायचं?" मी तिला सुरुवातीला विचारलं होतं, आधीच्या प्रत्येक योजनेच्या वेळी विचारायची तसं.

ती म्हणाली, "किती दिवस असं काही नाही, मावशी. हे औषध नाही. हे तुमचं जेवण आहे."

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. साखर एकदम पळून गेली नाही, पण हळूहळू ताळ्यावर आली आणि राहिली. पुण्याच्या पावडरीचे डबे धुऊन मी बटणं ठेवायला घेतले. रेहाना लग्न होऊन नाशिकला गेली. नाना गेला. शेवटच्या आजारात त्याला काही गिळवेना, तेव्हा सून म्हणाली आत्याबाई, तुम्ही भरवून बघा, आणि मी त्याला मुगाचं पाणी चमच्यानं पाजलं. तो डोळे मिटून पीत होता. मध्येच डोळे उघडून त्यानं विचारलं, "तू जेवली का?" घरात इतकी माणसं होती, पण त्यानं मला एकटीला विचारलं.

लोक मला विचारतात, इतकी वर्षं तुम्ही पथ्य कसं सांभाळलंत? मी म्हणते, सांभाळलं नाही, जेवले. ते हसतात आणि विषय बदलतात. पण मला वाटतं, ते जमलं मळ्यातून परत आले त्या पहिल्या संध्याकाळमुळे.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. कुलूप काढलं, पाय धुतले, दिवा लावला. ओट्याशी गेले. खारीचा डबा जागेवरच होता. मी परात काढली. कळण्याचं पीठ घेतलं, एका माणसापुरतं. हाताला तो अंदाज नव्हता, तीनदा कमी-जास्त केलं. भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, विस्तवावर धरली. टम्म फुगली. आणि सवयीनं हात ती टोपलीत ठेवायला वळला.

तव्यावरची पहिली भाकरी मी जन्मात खाल्ली नव्हती. ती बापूंची, मग यांची, मग मुलांची. आपली शेवटची, टोपलीच्या तळाची, वाफेनं ओलसर झालेली. आता टोपलीत ठेवायची ती कुणासाठी? मी ताट घेतलं, त्यात ती भाकरी ठेवली, तेल-मीठ-ठेचा घेतला, एक कांदा फोडला आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसले. पहिला तुकडा मोडला तर बोटं पोळली, आतून वाफ उसळली. ही इतकी गरम असते, हे मला ठाऊकच नव्हतं.

हे कुणाला तरी सांगावं म्हणून मी मान वर केली. समोर तीन खुर्च्या होत्या, तिन्ही रिकाम्या. दिवा तेवत होता. बाहेर कुणीतरी कुणाला तरी जेवायला हाक मारत होतं.

भाकरी निवायच्या आत मी दुसरा तुकडा मोडला.